घरच्या आठवणी लिहून ठेवताना

माणूस आपल्या आयुष्याची गोष्ट सांगतो तेव्हा तो सगळे आयुष्य सांगत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांतले वीस-पंचवीस प्रसंग तो निवडतो, त्यांना क्रम लावतो, एकाला दुसऱ्याचे कारण ठरवतो आणि त्यातून एक कथा उभी राहते. पुढच्या पिढ्यांना पूर्वज कळतात ते या कथेतून. ही निवड आणि ही मांडणी स्मृती करते. म्हणून घराण्याच्या आठवणी जपू पाहणाऱ्याने आधी स्मृतीचे काम कसे चालते ते समजून घ्यावे. वही-पेन त्यानंतर हाती घ्यावे.

कणकवली परिसरातल्या घरांत अशा कथांना तोटा नाही. चतुर्थीला चाकरमानी गावी येतात, रात्रीचे भजन आटोपते आणि पडवीत गजाली रंगतात. आजोबा पहिल्यांदा मुंबईला कसे गेले, गिरणीत त्यांना कोणी लावले, घराचा चिरा कोणत्या खाणीतून आला, कुळकायद्यात कोणती जमीन आली आणि कोणती गेली, हे सगळे दरवर्षी निघते. दरवर्षी ऐकल्यामुळे ते कायम राहील असे वाटते. प्रत्यक्षात सांगणारे माणूस गेले की पाच-दहा वर्षांत तासाभराची गजाल दोन वाक्यांवर येते, आणि त्या दोन वाक्यांबद्दलही भावंडांत एकमत राहत नाही.

पुढील विवेचनासाठी कोकणी घरात सहज आढळेल अशी एक कल्पित कथा उदाहरण म्हणून धरली आहे: "मालवणला यायला निघालेल्या आजोबांची रामदास बोट चुकली, म्हणून ते वाचले." रामदास ही १९४७ मध्ये बुडालेली बोट; तिचा तपशील पुढे येतो.

स्मृती प्रसंग पुन्हा रचते

पेटीत ठेवलेले लुगडे वीस वर्षांनी बाहेर काढले तरी तेच लुगडे हाती येते. आठवणीचे तसे होत नाही. प्रसंगाचे काही धागे मनात राहतात. आठवताना मन ते धागे घेऊन प्रसंग नव्याने विणते आणि मधल्या जागा स्वतःच्या समजुतीने भरते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे दाखवून दिले. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. ती वेळोवेळी सांगताना कथा आखूड झाली, अनोळखी तपशील गळले आणि उरलेले तपशील वाचकांच्या ओळखीच्या जगासारखे झाले. कथेतली होडी साधी बोट झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. वाचक खोटे सांगत नव्हते. त्यांच्या मनाला जे अर्थपूर्ण वाटले तेच त्यांच्या आठवणीत टिकले.

स्मृतीचे दोन प्रकार येथे लक्षात ठेवावेत. मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी १९७२ मध्ये त्यांच्यात स्पष्ट भेद केला. भाताचा तरवा कसा काढायचा, घिरट कसे फिरवायचे, पायलीत किती शेर बसतात हे ज्ञान एका प्रकारात येते. एका विशिष्ट पावसाळ्यात लावणी चालू असताना वडिलांची तार आली, ही आठवण दुसऱ्या प्रकारात येते. पहिल्या प्रकारची माहिती अनेकदा केल्यामुळे पक्की असते आणि तिच्यावर बराच विश्वास ठेवता येतो. दुसऱ्या प्रकारची आठवण एकदाच घडलेल्या प्रसंगाची असते. ती अधिक जिवंत वाटते आणि बदलतेही अधिक.

आयुष्यातले सगळे कालखंड सारखे आठवत नाहीत. साधारण तीन वर्षांच्या आधीचे स्वतःचे असे जवळजवळ काही आठवत नाही. त्या वयातली सांगितली जाणारी आठवण बहुधा आईकडून ऐकलेली किंवा फोटोवरून तयार झालेली असते. उलट, वयाच्या दहा ते तीस या काळातल्या आठवणी उतारवयात सर्वांत दाट असतात. शाळा, पहिली नोकरी, लग्न, पहिले मूल, गाव सोडणे या पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी त्या काळात येतात. त्यामुळे ऐंशी वर्षांच्या आजी लग्नाआधीचे माहेर तपशिलाने सांगतात आणि पन्नाशीतली दहा वर्षे एका वाक्यात संपवतात. नोंद घेणाऱ्याला हे माहीत असले म्हणजे ती दहा वर्षे रिकामी होती असा गैरसमज होत नाही. त्या काळाबद्दल मुद्दाम विचारावे लागते, एवढेच.

बदल कोठे होतात

घरगुती कथांत बदल होण्याच्या जागा ठरलेल्या असतात.

पहिली जागा सन-तारखेची. प्रसंग, माणसे, जागा आणि भावना आठवतात. साल आठवत नाही. साल बहुधा मागाहून, दुसऱ्या एखाद्या मोठ्या घटनेशी जोडून बसवलेले असते.

दुसरी जागा एकसारख्या प्रसंगांची. मुंबईहून गावी येण्याचे वीस प्रवास झालेले असतात. आठवणीत त्यांचा एकच प्रवास होतो. त्यात एका वर्षीची बोट लागणे, दुसऱ्या वर्षीची चोरीला गेलेली ट्रंक आणि तिसऱ्या वर्षीचा सहप्रवासी एकत्र येतात.

तिसरी जागा उसन्या आठवणींची. चुलत्याच्या बाबतीत घडलेला प्रसंग वारंवार ऐकून ऐकून स्वतःचा होतो. शेजाऱ्याची बोट चुकलेली असते. दोन पिढ्यांनी ती आजोबांची चुकलेली असते.

चौथी जागा सांगण्याच्या वेळच्या परिस्थितीची. ज्याचा संसार पुढे चांगला झाला तो गरिबीचे दिवस उमेदीने सांगतो; ज्याचा मोडला तो तेच दिवस कडवटपणे सांगतो. भावाशी वाटणीवरून वाकडे आले की त्याने पूर्वी केलेली मदत कथेतून गळते. समेट झाल्यावर ती परतही येते.

पाचवी जागा आत्मविश्वासाची. "डोळ्यांसमोर आहे अगदी" असे सांगणारा बरोबरच असतो असे नाही. अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाचा स्फोट झाला. ही बातमी आपल्याला कुठे आणि कशी कळली, हे दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेण्यात आले. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांचे उत्तर पूर्णपणे वेगळे आले आणि आपले नवे उत्तरच खरे अशी त्यांची खात्री होती. गांधीजींच्या हत्येची बातमी किंवा कोयनेचा भूकंप यांच्या आठवणी ऐकतानाही हे ध्यानात ठेवावे.

मात्र बदललेली आठवण टाकाऊ ठरत नाही. इटलीतील तेर्नी या पोलाद कारखान्यांच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे गावातल्या कामगारांशी संवाद साधला, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ मधल्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात घडल्याचे सांगितले. कागदपत्रांत १९४९ स्पष्ट होते. पोर्तेल्लींनी कामगारांना चुकीचे ठरवून विषय संपवला नाही. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या हा त्या गावाचा खरा घाव होता आणि लोकांच्या स्मृतीने आपल्या माणसाचे मरण त्या घावाजवळ नेऊन ठेवले होते. घडले काय हे कागदाने सांगितले. त्याचा लोकांना काय अर्थ वाटला हे चुकलेल्या सालाने सांगितले. घरच्या कथांनाही हीच कसोटी लावावी.

कथेत न येणारे

स्मृती निवडते, तसे घरही निवडते. कोणती गोष्ट चारचौघांत सांगायची आणि कोणती नाही, हे प्रत्येक घरात न बोलता ठरलेले असते. कर्ज, दारू, भाऊबंदकीतले खटले, टाकलेली बाई, घर सोडून गेलेला मुलगा, मोडलेले लग्न यांना कथेत जागा नसते. जातीमुळे सोसावा लागलेला अपमान सोसणाऱ्यांच्या घरात दाबला जातो आणि करणाऱ्यांच्या घरात आठवतच नाही.

कणकवली तालुक्यातील खारेपाटण येथे सापडलेला ताम्रपट या संदर्भात बोलका आहे. शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ मधल्या या दानपत्रात दक्षिण कोकणच्या शिलाहार राजांची वंशावळ सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा नावांनी दिली आहे. या घराण्याचा क्रम आज लावता येतो तो प्रामुख्याने या पत्र्यांमुळे. पण ती नावे कोरली गेली दान देणाऱ्या राजाचा अधिकार दाखवण्यासाठी, आणि त्या मालिकेत पुरुषांमागून पुरुष येतात. घरोघरीच्या वंशावळींची रीतही तीच आहे. पणजोबांचे वडील सांगता येतात. पणजीचे माहेरचे नाव विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात.

लग्नात नाव बदलण्याच्या रूढीमुळे अनेक स्त्रियांचे बालपण कागदांतून नाहीसे झाले आहे. म्हणून प्रत्येक स्त्रीच्या नोंदीत माहेरचे नाव, माहेरचे गाव, आईचे नाव आणि सासरी ठेवलेले नाव या चार गोष्टी आधी लिहाव्यात. स्त्रियांनी स्वतः सांगितले तेव्हा किती वेगळे जग समोर येते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून उर्मिला पवार यांच्या 'आयदान'पर्यंत (२००३) मराठी वाचकांनी पाहिले आहे. 'आयदान'मध्ये कोकणातल्या दलित स्त्रियांचे कष्ट आणि बांबूच्या वस्तू विणणारी आई आहे. महसुली दप्तरात त्यांना जागा नव्हती.

बैठकीची तयारी

चतुर्थीच्या दिवसांत माणसे एकत्र असतात, पण गडबडही असते. त्या दिवसांत कोणाकडे कोणती आठवण आहे याची यादी करावी आणि सविस्तर बैठक मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर ठेवावी. वयोवृद्धांच्या बाबतीत मात्र पुढच्या सुट्टीवर काम टाकू नये.

एका वेळी एकाच व्यक्तीशी बोलावे. आजोबा आणि आजी एकत्र बसले की बहुतेक घरांत आजोबा सांगतात आणि आजी मान डोलावतात. आजींशी वेगळे बसल्यावर दुसरेच काही ऐकायला मिळते. बैठक पाऊण ते एक तासाची असावी. सकाळची पेज झाल्यानंतरची वेळ बऱ्याच ज्येष्ठांना सोयीची पडते. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर परवानगी आधी घ्यावी, पंखा बंद करावा, फोन हातभर अंतरावर ठेवावा आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे व विचारणाऱ्याचे नाव बोलून घ्यावे.

बोलणे ज्येष्ठांच्या बोलीतच होऊ द्यावे. मालवणीत वाढलेल्या माणसाला प्रमाण मराठीत उत्तर द्यायला लावले की तो शब्द शोधत बसतो आणि प्रसंग निसटतो. "तेवा रस्तो नव्हतो, चलत जावचा लागायचा" हे वाक्य जसेच्या तसे राहिले तर त्यात माणसाचा आवाजही राहतो.

वस्तू आणि जागा आठवणींना वाट करून देतात. जुने फोटो, कणगी, इरले, मनीऑर्डरच्या पावत्या, देव्हाऱ्यातली मूर्ती समोर असली की सालाच्या प्रश्नाने न निघालेले प्रसंग निघतात. शक्य असल्यास घरातून आणि आवारातून एक फेरी मारावी: खळे, विहीर, मांगर, शाळेची वाट. वासांनी जाग्या होणाऱ्या आठवणी अनेकदा लहानपणाच्या असतात. उकड्या तांदळाची पेज किंवा भाजलेल्या काजूबियांचा वास एखादा विसरलेला दिवस परत आणतो.

ज्यांची स्मरणशक्ती आजारामुळे ढासळत आहे, त्यांच्या बाबतीत अलीकडचे आधी आणि जुने नंतर पुसले जाते असे बऱ्याचदा दिसते. काल कोण आले होते हे न सांगू शकणारे आजोबा शाळेतल्या मास्तरांबद्दल बोलू शकतात. त्यांना "आठवतंय का?" असे तपासणीसारखे विचारू नये. गाणे, फोटो किंवा वस्तू पुढे करून ते जे बोलतील ते ऐकावे. दुःखद प्रसंगाजवळ कोणीही थांबले तर तेथेच थांबू द्यावे.

प्रश्न कसे विचारावेत

प्रश्नातल्या शब्दांनी आठवण बदलते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. मोटारी एकमेकींवर "आदळल्या" तेव्हा वेग किती होता, असा जोरदार शब्द वापरून काहींना विचारले. इतरांना सौम्य शब्दात विचारले. जोरदार शब्द ऐकणाऱ्यांनी वेग अधिक सांगितला. आठवड्याने काच फुटलेली दिसली का असे विचारल्यावर त्यांच्यापैकी अधिक जण "हो" म्हणाले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

"खोताने तुमची जमीन लुबाडली ना?" या प्रश्नात उत्तर आधीच बसलेले आहे. "ती जमीन तेव्हा कोण कसत होते? पुढे काय झाले?" असे विचारल्यावर सांगणाऱ्याला स्वतःच्या आठवणीकडे जाता येते. उपयोगी पडणारे काही प्रश्न असे:

- तुम्ही लहान होता तेव्हा घरात कोण कोण राहत होते? कोण कुठे झोपत असे?
- सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत आईचा दिवस कसा जात असे?
- घरात पैसा कोठून येई? मुंबईहून मनीऑर्डर कोण पाठवी, आणि ती कोणाच्या हाती पडे?
- शाळेत कोणाबरोबर बसत होता? कोण शाळेत येत नव्हते?
- गावाबाहेर पहिल्यांदा केव्हा गेलात? कोणत्या वाटेने, कशाने, कोणाबरोबर?
- तुमच्या लग्नाचे कोणी ठरवले? तुम्हाला केव्हा कळले?
- घरात कोण आजारी पडले, काय उपचार झाले?
- कोणती गोष्ट तुम्हाला कोणी आजवर विचारलीच नाही?

एका प्रश्नानंतर गप्प राहायला शिकावे. क्षणभराच्या शांततेनंतर जे येते ते पाठ झालेल्या गजालीपेक्षा वेगळे असते. आणि प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगानंतर एक साधी चौकशी करावी: हे तुम्ही स्वतः पाहिले, की कोणाकडून ऐकले?

काळ बसवणे

सांगणाऱ्याला साल विचारण्याऐवजी ओळखीच्या घटनेच्या आधी की नंतर, असे विचारावे. दक्षिण कोकणातल्या घरांना उपयोगी पडतील अशा काही खुणा पुढीलप्रमाणे:

- १७ जुलै १९४७: मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, ६०० हून अधिक माणसे दगावली.
- ३० जानेवारी १९४८: गांधीजींची हत्या. याच वर्षी सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत गोपुरी आश्रम सुरू केला.
- १ एप्रिल १९५७: आणे जाऊन नवे पैसे आले. कुळकायद्यानुसार कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाण्याचा 'कृषक दिन'ही हाच.
- १ मे १९६०: महाराष्ट्र राज्याची स्थापना.
- १९ डिसेंबर १९६१: गोवा मुक्ती.
- ११ डिसेंबर १९६७, पहाट: कोयनेचा भूकंप.
- १ मे १९८१: रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला.
- १८ जानेवारी १९८२: मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला.
- २६ जानेवारी १९९८: कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली.

"थोरला तेव्हा रांगत होता", "आण्याला शेंगदाणे मिळत", "शाळेच्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी आहे" अशा वाक्यांतून काळ बांधता येतो. घरातल्या मुलांच्या जन्मांचा क्रम ही सर्वांत विश्वासार्ह खूण असते; आईला साल आठवत नसले तरी कोणते मूल पोटात होते हे आठवते.

जन्मतारखेबद्दल सावध राहावे. महाराष्ट्रात असंख्य ज्येष्ठांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून असतो. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली की मास्तर वय अंदाजाने धरून १ जून लिहीत. अशा वेळी तिथी, सण किंवा शेतीचा हंगाम विचारावा. "नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा" हे उत्तर दाखल्यावरच्या तारखेपेक्षा खरे असू शकते. साल ठरले की पंचांगावरून तारीखही निघते.

कागदांशी पडताळणी

आठवणीशेजारी ठेवण्याजोगे कागद बहुतेक घरांत किंवा जवळच्या कचेरीत असतात: शाळेच्या रजिस्टरातील उतारा, सातबारा आणि फेरफार, जन्म-मृत्यूचे गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गिरणीचे ओळखपत्र व भविष्यनिर्वाह निधीचे कागद, लग्नपत्रिका, जुनी पोस्टकार्डे, पाकिटावरचे टपालाचे शिक्के. जुन्या नोंदींत आडनाव नसते. "रामा बिन गोविंद" म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, "जानकी कोम रामा" म्हणजे रामाची बायको जानकी. काही कागद मोडी लिपीत असतात. ते वाचता येत नाहीत म्हणून टाकू नयेत. मोडीच्या जाणकाराला दाखवावेत.

कागदालाही मर्यादा असतात. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव असते आणि कष्ट तिघांचे असतात. दाखल्यावरचे वय अंदाजाचे असते. कागद चुकणार नाही असे मानणेही चूक, आणि आजी चुकणार नाही असे मानणेही चूक.

आता रामदासची गोष्ट तपासून पाहता येते. ती बोट रेवसला निघाली होती, मालवणला नव्हे. दिवस १७ जुलैचा, भर पावसाळ्याचा. पावसाळ्यात दक्षिण कोकणाकडे जाणाऱ्या बोटी बंद असत. म्हणजे गावी येण्यासाठी आजोबा त्या बोटीत चढण्याचा संभव जवळजवळ नाही. पुढचे प्रश्न येथून निघतात. त्या वर्षी आजोबा मुंबईत होते का? चाळीतले कोणी त्या बोटीवर होते का? दुसऱ्या एखाद्या वर्षी त्यांची मालवणची बोट खरोखर चुकली होती का? या शोधात कदाचित गेलेल्या मित्राचे नाव सापडते, कदाचित पहिल्या नोकरीचे साल. काहीच सापडले नाही तरी एक गोष्ट पक्की राहते: समुद्रमार्गे येणाऱ्या-जाणाऱ्या त्या पिढीच्या मनात ती दुर्घटना इतकी खोल गेली होती, की घराने आपल्या माणसाच्या सुखरूप असण्याला तिचेच नाव दिले.

दोन आठवणी जुळत नसतील तेव्हा

थोरल्या काकांच्या सांगण्यात आजोबांनी गिरणी स्वतः सोडली आणि आत्याच्या सांगण्यात त्यांना काढले, असे होते. अशा वेळी मधला मार्ग काढून तिसरीच कथा तयार करू नये. दोन्ही आठवणी सांगणाऱ्याच्या नावासह, सांगितल्याच्या तारखेसह शेजारी लिहाव्यात. तेव्हा काकांचे वय काय होते, आत्या घरात होत्या की सासरी, हेही नोंदवावे. थोरल्या मुलाला वडिलांचा ताठपणा दिसतो, धाकट्या मुलीला त्यांचे रात्रीचे जागरण दिसते. दोन्ही मिळून माणूस पुरा होतो.

मूळ नोंद न पुसणे किती मोलाचे असते याचा दाखला कोकणातच आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला आणि सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास तो आठवणीने लिहून काढला. चिंतामण विनायक वैद्यांनी तो संस्कार करून १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापला. हस्तलिखित जपलेले होते, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये गोडसे यांचा मूळ मजकूर वाचकांपुढे ठेवता आला. घरातही सुबक केलेली प्रत करावी, पण पहिले ध्वनिमुद्रण आणि पहिली वही कधीही टाकू नये.

नोंद कशी लिहावी

वहीचे पान तीन भागांत विभागावे. पहिल्या भागात सांगितलेले, शक्य तितके सांगणाऱ्याच्या शब्दांत. दुसऱ्या भागात कागदात सापडलेले, कोणत्या कागदात ते लिहून. तिसऱ्या भागात नोंद घेणाऱ्याचा अंदाज. हे तीन भाग एकत्र कालवले की पुढच्या पिढीला अंदाज आणि पुरावा यांतला फरक कळत नाही, आणि घराण्याच्या इतिहासातल्या बहुतेक दंतकथा अशाच तयार होतात.

प्रत्येक व्यक्तीसाठी एक वेगळे पान करावे: सर्व नावे, टोपणनाव, जन्म-मृत्यू, माहेर-सासर, राहिलेली गावे आणि चाळी, केलेली कामे. वंशावळीत मुलींच्या शाखाही काढाव्यात. फोटोच्या मागे पेनने जोर देऊन लिहू नये. मऊ पेन्सिलीने हलकेच नावे लिहावीत, किंवा फोटोला क्रमांक देऊन नावे वहीत उतरावीत.

जिवंत व्यक्तीला लाज किंवा त्रास होईल असा मजकूर तिच्या संमतीविना वाटू नये. तो नष्टही करू नये. बंद पाकिटात, वर अमुक वर्षानंतर उघडावे असे लिहून ठेवता येतो. लिहून झालेला मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवावा. त्या वेळी हमखास नव्या गोष्टी निघतात. त्याने बदल सुचवले तर ते जोडावेत, पहिले वाक्य मात्र तसेच ठेवावे.

जपणूक

कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. दमट हवा, बुरशी आणि वाळवी हे येथल्या कागदांचे खरे शत्रू. कागद भिंतीला लागून किंवा माळ्यावर ठेवू नयेत. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावेत आणि पावसाळा संपल्यावर सावलीत, कोरड्या हवेत उलगडून पाहावेत. कडक उन्हात घातल्यास शाई उडते. जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नये आणि चिकटपट्टी लावू नये. दोन्हींनी झालेली इजा पुढे भरून काढता येत नाही.

प्रत्येक कागदाचा आणि फोटोचा दिवसाउजेडी फोनने फोटो घ्यावा. ध्वनिफितींना तारीख, व्यक्ती आणि विषय अशी नावे द्यावीत. नुसत्या आकड्यांच्या फायली दोन वर्षांत अनोळखी होतात. तीन प्रती असाव्यात: एक गावच्या घरी, एक मुंबईतल्या नातलगाकडे आणि एक इंटरनेटवरच्या साठवणीत. त्या साठवणीचा पासवर्ड किमान दोघांना माहीत असावा. मुख्य मजकूर कागदावर छापून घ्यावा, कारण यंत्रे बदलत जातात आणि कागद उघडायला यंत्र लागत नाही.

थोरांच्या आठवणींना ग्रंथांचा आसरा मिळतो. गिरणी कामगारांच्या आठवणीही नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांच्या तोंडून ऐकल्या, म्हणून २००४ मध्ये ग्रंथरूप झाल्या. पण सामान्य घरातल्या आजी-आजोबांसाठी कोणी अभ्यासक येणार नाही. त्यांचे दप्तर म्हणजे त्यांचे घरच. म्हणून या चतुर्थीला पडवीतली गजाल सुरू झाली की घरातल्या एकाने तरी वही उघडावी, वर तारीख घालावी आणि पहिली ओळ सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावी: "माका आठवता तसा सांगतंय."